एक हजार चोवीस

ही गोष्ट मुरुडच्या एका नेटवाल्याची. नेटवाला मी रचलेला आहे, त्याचे अण्णा रचलेले, दिघीची मुलगी, दलाल आणि गुरुजीही रचलेले. वादळ, नियम, त्यांच्या तारखा आणि मॉरिशसची कोर्टकचेरी तेवढी खरी. बोधकथेतला कोल्हा द्राक्षांना नावं ठेवतो ते आपण खपवून घेतो, तेव्हा एवढी सूट मलाही मिळावी.

घराणं सुपारीवाल्यांचं. समुद्राच्या बाजूला दोन वाड्या, विहिरीवर पंप, अंगणात वाळत घातलेली सुपारी. थोरला मुंबईला नोकरीला गेला. धाकट्याला वाडीत रस नव्हता आणि मुंबईतही नव्हता. त्याने आधी केबल टीव्हीची लाईन घेतली. लोकांच्या कौलांवर चढायचं, महिन्याच्या पाच तारखेनंतर वसुलीला फिरायचं, क्रिकेटची मॅच असली की शिव्या खायच्या. मग फायबर आला. २०१५ साली त्याने इंटरनेटचा सरकारी परवाना काढला, स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि पुढची पायरी आली ती आयपी पत्त्यांची.

हे पत्ते म्हणजे नुसते आकडे. इंटरनेटवर येणाऱ्या यंत्राला ओळखीसाठी एक क्रमांक लागतो, तो जगात एकमेव असावा लागतो. सत्तरच्या दशकात ही व्यवस्था आखली गेली तेव्हा क्रमांकाची लांबी ३२ बिट ठरली. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. प्रयोगशाळेतल्या मूठभर संगणकांसाठी ती चैन होती. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, आणि ३ फेब्रुवारी २०११ ला जगाचा मध्यवर्ती साठा संपला. उरलेले पाच मोठे गठ्ठे पाच खंडनिहाय नोंदणी संस्थांना एकेक असे वाटून टाकले. आपल्या आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. तिचं नेहमीचं वाटप त्याच वर्षी १५ एप्रिलला थांबलं. त्या दिवसापासून शेवटच्या गठ्ठ्यातून मोजून द्यायचं ठरलं: संस्था कितीही मोठी असो, एकेकाला जास्तीत जास्त १,०२४. फेब्रुवारी २०१९ नंतर तेही निम्मे, ५१२. भारतात हे काम निक्सीच्या छत्राखालची आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था बघते.

अर्जात गरज दाखवावी लागते. नेटवाल्याकडे तेव्हा गिऱ्हाइकं होती ३४०. त्याने आराखड्यात मुरुड लिहिलं, राजपुरी, एकदरा, आगरदांडा लिहिलं, नांदगाव, मजगाव, उसरोली लिहिलं, आणि फणसाड अभयारण्याच्या कडेच्या, जिथे विजेच्या खांबांपेक्षा झाडांवरची शेकरं जास्त असतील, त्या वाड्यावस्त्याही लिहिल्या. वर्षभरात २,००० जोडण्या. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. आशेवर कर कुठे असतो? पूर्ण १,०२४ मंजूर झाले. सोबत आणखी एक मेल आला, की आपल्याला नव्या, म्हणजे सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा गठ्ठाही दिला जात आहे, त्याची वेगळी फी नाही. तो मेल त्याने ‘नंतर बघू’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकला.

त्या मेलकडे आपणही नंतरच बघू.

चार पत्ते त्याने कामाला लावले. सगळी गिऱ्हाइकं त्या चारांच्या मागे उभी केली. यात नवल नाही, देशभर असंच चालतं. एका सार्वजनिक पत्त्यामागे शंभरेक घरं लपवायची आणि आतली उलाढाल यंत्राने सांभाळायची. काही पत्ते सर्व्हरला गेले, दहा-बारा लॉजवाल्यांना स्टॅटिक आयपी म्हणून जादा पैशात गेले. एक गठ्ठा कसाबसा उघडला, आणि २५६ चे तीन गठ्ठे, म्हणजे ७६८ पत्ते, तसेच राहिले.

“राहू देत,” तो म्हणायचा. “खातात काय, पितात काय?”

या प्रश्नाचं उत्तर गुरुजींना विचारायला हवं होतं. गुरुजी निवृत्त शिक्षक. पेन्शन, वीजबिल, नातवाचा फोटो, सगळं त्या एका फोनवर. घरी वायफाय नेटवाल्याचंच. त्यांना कुठलीही वेबसाइट उघडली की आधी चौकटी दिसायच्या: यांतल्या कुठल्या चित्रात सायकल आहे ती दाखवा, मग झेब्रा क्रॉसिंग दाखवा, मग ट्रॅफिक सिग्नल दाखवा. मुरुडात सिग्नल नाही. शंभर घरं एकाच पत्त्यामागे असली की पलीकडच्या संगणकाला वाटतं, एकच यंत्र वेड्यासारखं ठोठावतंय. “मी माणूस आहे हे याला दिवसातून किती वेळा सांगू?” गुरुजी दुकानात येऊन विचारायचे. नेटवाला राऊटर बंद करून चालू करा म्हणायचा. या धंद्यातलं ते सर्वात जुनं औषध.

खरं तर गिऱ्हाइकांच्या माथी मारलेली गर्दी निम्म्याने कमी करायला त्याला चारच पत्ते आणखी लागले असते. ते त्याच्याकडे होते. पण एव्हाना त्या पत्त्यांकडे तो वापरायची वस्तू म्हणून बघतच नव्हता.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यावरच आलं. दुपारी काही तासांत सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उंच, बारीक आणि मुळं उथळ. एक पडलं की शेजारच्या चारांना घेऊन पडतं. अण्णांच्या दोन वाड्यांत संध्याकाळी उभी झाडं बोटांवर मोजता आली. नवीन रोप लावलं तरी धरायला सहा-सात वर्षं. विजेचे खांब रस्त्यावर, फायबर झाडांखाली चिरडलेला, मोबाईलचे टॉवर मुके. नेटवाला आणि त्याची दोन पोरं कोयते घेऊन तारा सोडवत फिरत होती. त्या पावसाळ्यात त्याने काम चोख केलं, हे गावातला कुणीही सांगेल. माणूस वाईट नव्हता. घरातलं पिकाचं उत्पन्न मात्र गेलं होतं आणि ते कधी परत येईल याचा हिशेब कुणाला मांडायचा नव्हता.

पावसाळा सरल्यावर दिघीची मुलगी आली. राजपुरीच्या खाडीपलीकडे दिघी. आगरदांड्याहून जंगलजेटीने गाडीसकट पार होता येतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, नुकताच छोटा परवाना काढलेली, स्कूटीच्या डिकीत फायबरची रीळ घेऊन फिरणारी. वादळात तिचं होतं नव्हतं ते वाहून गेलं होतं, पण एक डॉक्टर, एक पतसंस्था आणि एक बर्फाचा कारखाना यांना कॅमेरे आणि सर्व्हर बाहेरून दिसायला हवे होते. एका पत्त्यामागे लपलेल्या यंत्राला बाहेरून हाक मारता येत नाही. तिला खरे पत्ते हवे होते.

“दादा, एक गठ्ठा द्या. दोनशे छप्पनचा.”

“तीन गिऱ्हाइकांना दोनशे छप्पन?”

“मला सोळा पुरतील. पण दोनशे छप्पनच्या खालचा तुकडा बाहेर कुणाचा राऊटर उचलत नाही, तुम्हाला माहीत आहे. नोंद तुमच्याच नावाखाली ठेवा, वापरणारी म्हणून फक्त माझं नाव लावा. नियमात बसतं. माझा स्वतःचा अर्ज मंजूर झाला की परत करते.”

“बघतो,” नेटवाला म्हणाला. कोकणात ‘बघतो’चा अर्थ ज्याला कळत नाही त्याने इथे उधारी करू नये. तिला कळला. चहा संपवून ती शेवटच्या जंगलजेटीने गेली.

नाही म्हणायला त्याच्याकडे तेव्हा धड कारणही नव्हतं. वर्षभराने, २०२१ च्या अखेरीस, ते मुंबईहून फोनवर आलं. दलाल मराठीच, बोलायला गोड. जगात जुन्या पत्त्यांचा भाव चढत होता आणि त्या वेळी एका पत्त्याला पन्नास डॉलर येत होते. १,०२४ चे झाले ५१,२००. रुपयांत अडतीस लाखांच्या आसपास. मुरुडच्या बाजारपेठेत वायर ओढणाऱ्याला हा आकडा ऐकून घाम फुटावा, तसा फुटला.

“पण हे विकता येतात का?”

“पत्ते नका विकू. कंपनी विका. पत्ते तिच्या पोटात जातात.” दलाल हसला. “आणि एवढं मनाला लावून घेऊ नका. २०११ साली दिवाळखोर नॉर्टेलकडून मायक्रोसॉफ्टने ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते घेतले, ७५ लाख डॉलर मोजून. कोर्टाच्या देखरेखीखाली. अमेरिकेतल्या एमआयटीकडे १ कोटी ६७ लाख होते, एका विद्यापीठाकडे! त्यातले १ कोटी ४० लाख कधी वापरलेच नव्हते. २०१७ साली त्यांनी निम्मे विकायला काढले. ॲमेझॉनने उचलले. आता एमआयटीवाले विकतात आणि तुम्ही मुरुडला बसून सोवळं पाळणार?”

दलालाचं म्हणणं सगळंच टाकाऊ नव्हतं. पडून राहिलेली वस्तू पैशाच्या ओढीने का होईना बाहेर येते आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात जाते, हा बाजाराचा उपयोग मानायलाच हवा. नुसत्या उपदेशाने एमआयटीने एकही पत्ता सोडला नव्हता. पण त्याच बाजारामुळे आणखी एक गोष्ट झाली. ज्याला गरज नाही त्यालाही साठवायचं कारण मिळालं. १९९६ च्या नोव्हेंबरात इंटरनेटच्या नोंदणीचे नियम लिहिले गेले त्यात पहिला हेतूच असा होता, की पत्ते ज्याच्या त्याच्या चालू गरजेप्रमाणे न्याय्यपणे वाटले जावेत आणि साठेबाजी टळावी. एपनिकच्या धोरणातही स्पष्ट आहे की पत्ते ही कुणाच्या मालकीची मिळकत मानायची नाही. दलालाने तेवढी पानं उलटून टाकली होती.

नेटवाल्याने लगेच विकलं नाही. पन्नासाचे शंभर होतील, तेव्हा बघू. पण गोष्ट घरात बोलला.

अण्णा पडवीत बसून वाचलेली सुपारी सोलत होते. “आणि तोवर?”

“तोवर धरून ठेवायचे. तुम्ही नाही का सुपारी धरून ठेवायचात? भाव आला की सोडायची.”

“धरायचो. माझ्या झाडाची, मी शिंपलेली, मी वाळवलेली. तुझे हे आकडे कुणी पिकवले?”

“अण्णा, वर्षाला फी भरतो मी त्यांची.”

“फी भरतोस ती वापरायची. आणि एक ऐक. सुपारी फार धरली की तिला भुंगा लागतो. पोत्याला जागा लागते, पावसाळ्यात बुरशीची भीती. म्हणून धरणाऱ्याला रात्री झोप नसते, कधी एकदा सोडतो असं होतं. तुझ्या आकड्यांना भुंगा लागत नाही ना? तेच वाईट. त्यामुळे तुला घाई नाही, आणि ज्याला पाहिजे तो मात्र दारात उभा.”

नेटवाला हो-नाही काही म्हणाला नाही. अण्णांचं वय झालंय, असं मनात म्हणाला असावा.

दलालाने दरम्यान वेगळी वाट सुचवली. विकू नका, भाड्याने द्या. एका पत्त्याला महिन्याला चाळीस सेंट. ७६८ पत्त्यांचे महिन्याला साधारण तेवीस हजार रुपये, बसल्या जागी. करायचं काय, तर कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्याचं एक अधिकारपत्र द्यायचं, की अमुक परदेशी कंपनी आमचे हे तीन गठ्ठे तिच्या यंत्रांवरून जगाला जाहीर करू शकते. कंपनीचं नाव त्याने गूगलवर शोधलं, एक चकचकीत वेबसाइट निघाली, फोन नंबर नव्हता. त्याने सही केली. दिघीच्या मुलीला जो गठ्ठा नावानिशी, नोंद करून द्यायला तो कचरला होता, तसे तीन गठ्ठे त्याने ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही त्याला दिले.

सात-आठ महिने पैसे वेळेवर आले. अण्णांच्या वाडीत नवी रोपं लागली ती त्याच पैशांतून, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग डिसेंबर आला. मुरुडचा वर्षाचा धंदा डिसेंबरात असतो. काशीदपासून मुरुडपर्यंत खोली मिळत नाही, राजपुरीच्या धक्क्यावर जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांना रांग. त्या ऐन हंगामात लॉजवाल्यांचे मेल गिऱ्हाइकांपर्यंत पोचेनात. बुकिंगची पावती पाठवली की ती स्पॅममध्ये. पुण्याचं कुटुंब म्हणतंय, आम्हाला काही आलंच नाही, आम्ही अलिबागला खोली घेतली. गुरुजींच्या फोनवर चौकटींचा पूर. एकाचं बँकेचं ॲप घरच्या वायफायवर उघडेना, मोबाईल डेटावर मात्र उघडे.

भाडेकरूने त्या ७६८ पत्त्यांवरून जगभर फसवे मेल सोडले होते. टपालाची छाननी करणाऱ्या संस्थांनी आधी एक गठ्ठा काळ्या यादीत टाकला, मग दुसरा, तिसरा, आणि मालक दाद देत नाही असं दिसल्यावर शेजारचा चौथाही. चौथा म्हणजे मुरुड.

त्याच महिन्यात अलिबागहून पोलिसांचं पत्र आलं. कुणाच्या तरी खात्यातून पैसे गेले होते आणि ज्या पत्त्यावरून गेले तो नोंदवहीत मुरुडच्या कंपनीच्या नावावर होता. त्या वर्षीच्या २८ एप्रिलला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढलाच होता, की सेवा देणाऱ्याने १८० दिवसांच्या नोंदी देशात जपून ठेवाव्यात. नेटवाल्याकडे स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या नोंदी होत्या, अगदी पोर्ट क्रमांकासकट, कारण शंभर घरांतून एक शोधायचं तर वेळ आणि पत्ता पुरत नाही. पण हे पत्ते त्याच्या यंत्रांवर नव्हतेच. कुठे होते हेही त्याला सांगता येईना. चौकशीला तो दोनदा अलिबागला जाऊन आला. तिथल्या बाकावर बसून ‘माझ्या नावावर आहेत पण माझ्याकडे नाहीत’ हे वाक्य त्याने किती प्रकारांनी बोलून पाहिलं असेल.

अण्णांनी एवढंच विचारलं, “लागला म्हणायचा भुंगा?”

नेटवाल्याला आता वेगळीच भीती होती. नोंदणी संस्थेने चौकशी केली तर? गरज एक दाखवली, वापर दुसराच, तोही बाहेरच्याच्या हातात. पत्ते काढून घेतले तर गिऱ्हाइकांसकट सगळंच बसेल. त्याने दलालाला फोन लावला.

“घाबरताय कशाला? नोटीस आलीच तर कोर्टात जा. मॉरिशसला काय झालं माहीत आहे ना?”

मॉरिशसला काय झालं ते सांगायला हवं, आणि मुरुडकरांना ते परकं वाटू नये. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या मुलखाला जुन्या कागदांत हबसाण म्हणतात. आणि मॉरिशसला आजही मराठी बोलली, शिकवली जाते ती कोकणातून गिरमिटावर गेलेल्या मजुरांच्या वंशजांमुळे. त्याच बेटावर, एबेन नावाच्या ठिकाणी, आफ्रिकेची नोंदणी संस्था आहे, आफ्रिनिक. इतर खंडांचे साठे संपले तरी तिच्याकडे पत्ते शिल्लक होते, कारण आफ्रिकेत इंटरनेट उशिरा पसरलं. पोटाला उशिरा भूक लागते म्हणून ज्याचं ताट झाकून ठेवावं, त्याच्याच ताटात जगाचे हात गेले. आतून गळती झाली ती वेगळीच. २०२१ च्या जानेवारीत संस्थेच्या स्वतःच्याच तपासणीत सुमारे ४१ लाख पत्ते नोंदवहीत फिरवाफिरव करून पळवल्याचं निघालं. आणि सेशेल्समध्ये नोंदलेल्या क्लाउड इनोव्हेशन या एका कंपनीने २०१३ ते २०१६ या काळात रीतसर अर्ज करून ६२ लाखांच्या आसपास पत्ते मिळवले. २०२१ साली आफ्रिनिकने विचारलं, दाखवलेली गरज आणि प्रत्यक्ष वापर जुळत नाही, बरेचसे तर आफ्रिकेबाहेर चालतायत. परत का घेऊ नयेत? कंपनीचं म्हणणं, बाहेर वापरू नये असा नियम दाखवा. आणि ती कोर्टात गेली. त्या जुलैत कोर्टाने नोंदणी संस्थेचीच बँक खाती गोठवली. पगार द्यायची पंचाईत. खाती पुढे खुली झाली, पण खटल्यावर खटले चालू राहिले, संचालक मंडळ पुरेशा संख्येअभावी कोलमडलं, सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाला रिसीव्हर नेमावा लागला. २०२५ च्या जूनमधली निवडणूक रद्द झाली, सप्टेंबरात पुन्हा घ्यावी लागली. एका खंडाची नोंदवही चार वर्षं वकिलांच्या टेबलावर.

कायद्याने कोण बरोबर ते न्यायालयं ठरवतील. पण या प्रकरणातून मला दोन्ही बाजूंचा धडा दिसतो, आणि दुसरा कमी बोलला जातो. देताना डोळे मिटून द्यायचं आणि वर्षांनी जागं होऊन काढून घ्यायला जायचं, हे धोरण साठेबाजाइतकंच महाग पडतं. गरज तपासायची ती दारात तपासावी. आशियात देण्याची कमाल मर्यादाच छोटी ठेवली, आणि शेवटच्या साठ्यातून नव्याने घेणाऱ्यांना पाच वर्षं ते दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाहीत असं ठरवलं. त्यामुळे इथे कुणी ६२ लाखांचा डोंगर रचू शकत नाही. रचला तर मुरुडच्या नेटवाल्यासारखा, हजाराचा.

हजाराच्या डोंगराला कोर्ट परवडत नाही. त्याने भाडेकरूला दिलेलं अधिकारपत्र रद्द केलं, काळ्या याद्यांना मेलांमागून मेल लिहिले, आणि शेवटी विकायचं ठरवून दलालाला विचारलं. दलालाचा आवाज आता तितका गोड नव्हता. डागाळलेले पत्ते कोण घेतो? शिवाय भाव उतरत होते. चढत्या काळात जो तो साठवत होता. उतरायला लागल्यावर जो तो सोडायला निघाला. यादीतून नाव निघून पत्ते स्वच्छ होईतो २०२४ संपलं आणि भाव बराच खाली आला होता.

तेव्हा त्याला दिघी आठवली. तो स्वतः जंगलजेटीने पलीकडे गेला.

तिच्या दुकानात दोन पोरं कामाला होती. २०२१ सालीच तिचा अर्ज मंजूर झाला होता, ५१२ पत्ते. तिच्याकडे दोन हजारांच्या आसपास जोडण्या होत्या.

“एवढ्यांना पाचशे बारा पुरतात?” त्याने विचारलं. “माझा एक गठ्ठा घे. पैसे नकोत.”

“आता नको, दादा.” तिने पडद्यावरचा आलेख त्याच्याकडे वळवला. “जवळजवळ तीन चतुर्थांश वाहतूक सहाव्या आवृत्तीवरून जाते. यूट्यूब, व्हॉट्सॲप, सगळं तिथेच. जुने पत्ते उरलेल्यापुरते. प्रत्येक घराला स्वतःचा पत्ता असतो, त्यामुळे कुणा एकाच्या उद्योगाने शेजारच्याचं अडत नाही. तुम्हालाही मिळालाय की तो गठ्ठा. दोन हजार पंधरालाच मिळाला असेल.”

‘नंतर बघू’ नावाचं फोल्डर.

त्या मेलमध्ये काय होतं ते आता सांगतो. आयपीव्ही६ चा पत्ता ३२ ऐवजी १२८ बिटांचा. लहानात लहान सेवादात्यालाही त्यातला जो नेहमीचा गठ्ठा मिळतो, त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ वेगवेगळी जाळी निघतात. म्हणजे जुन्या जगाला एकूण जेवढे पत्ते होते, तेवढी नुसती जाळी. आणि त्यांतल्या प्रत्येक जाळ्यात मोजदादीपलीकडचे पत्ते. हे सगळं मुरुडच्या बाजारपेठेतल्या एका संगणकात नऊ वर्षं पडून होतं, फुकट. ते चालू करायला थोडा अभ्यास, काही जुने राऊटर बदलणं आणि चार रात्रींची जागरणं लागली असती. आणि ते चालू झालं असतं तर ७६८ पत्त्यांचा भाव आपल्याच हाताने कमी होईल, अशीही एक पाल मनात चुकचुकली होती. जणू जगाचा बाजार मुरुडवर अडला होता.

मुलगी बोलता बोलता म्हणाली, “स्टॅनफर्डचं ऐकलंय? एमआयटीएवढाच गठ्ठा होता त्यांच्याकडे. २००० साली परत करून टाकला. तेव्हा बाजारही नव्हता, एक पैसा घेतला नाही. २०१० साली तोच गठ्ठा आपल्या एपनिकला मिळाला. आशियातली किती घरं त्यावर चालत असतील.”

“दलालाने हे नाही सांगितलं.”

“त्यात कमिशन कुठे असतं?”

महिनाभर ती आठवड्यातून एकदा मुरुडला येत होती. जुने राऊटर बदलले, गुरुजींच्या घरापासून सुरुवात केली. न वापरलेल्या तीन गठ्ठ्यांपैकी दोन, म्हणजे ५१२ पत्ते, नेटवाल्याने नोंदणी संस्थेला लेखी परत केले. सगळं मुरुड त्या दिवसापासून सुखी झालं असं नाही. कित्येक सरकारी आणि खासगी वेबसाइट अजून जुन्याच पत्त्यावर आहेत, तिथे गुरुजींना अधूनमधून सायकली शोधाव्या लागतात. अण्णांच्या रोपांना धरायला अजून अवकाश आहे.

भारत या बाबतीत मागे नाही, हेही सांगून टाकतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आला तो सहावी आवृत्ती घेऊनच, आणि आज देशातली दोन तृतीयांशांहून जास्त वापरकर्ती यंत्रं तिच्यावरून गूगलपर्यंत पोचतात. मागे राहिलेत ते गावोगावचे छोटे नेटवाले, आणि त्यांना विचारणारं कुणी नाही म्हणून ते मागे आहेत. तेव्हा पुढच्या वसुलीला तुमचा नेटवाला दारात आला की पैसे देण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा: माझ्या एका पत्त्यामागे किती घरं आहेत, आणि आयपीव्ही६ कधी चालू करतोस?